अस्सलबरहुकूम नक्कल

जुन्या कचेऱ्यांतून एखाद्या दस्तऐवजाची प्रत पक्षकाराच्या हाती देताना तिच्यावर 'अस्सलबरहुकूम नक्कल' असा शेरा मारीत असत, आणि तो शेरा पाहिला की पक्षकाराचा जीव भांड्यात पडे. कारण अस्सल कागद दप्तरखान्यात राहिला तरी त्यातील हक्क, हद्दी आणि हकीकत या दुसऱ्या कागदात अक्षरशः उतरली आहे, याची ती ग्वाही असे. कलाकृतीच्या बाबतीत अशी ग्वाही कोणालाच देता येत नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' रचला तेव्हा भाषेबरोबरच पात्रांची नावे, वेष आणि रीतिभातीही त्यांना बदलाव्या लागल्या, आणि मराठी प्रेक्षकाने ते नाटक मुळाशी ताडून न पाहता आपलेसे केले. मत्सर ही भावना सर्व देशांत एकाच जातीची असल्यामुळे ते स्थलांतर तिला मानवले. भयाचे तसे आहे काय? जपानमधल्या विहिरीतले भूत उचलून अमेरिकेतल्या विहिरीत नेऊन सोडले तर ते तेच भूत राहते की केवळ त्याचे केस आणि कपडे तेवढे समुद्र ओलांडतात, हा प्रश्न गेल्या पाव शतकात आशियातील भयपटांच्या ज्या पुनर्निर्मिती झाल्या त्या पाहताना माझ्या मनातून कधी गेला नाही.

या पुनर्निर्मितींची गंगोत्री म्हणजे हिदेओ नाकाता यांचा १९९८ सालचा 'रिंगू'. कोजी सुझुकी यांच्या १९९१ मधील कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचे कथासूत्र आता बहुश्रुत झाले आहे. एक व्हिडिओ कॅसेट आहे. ती जो पाहील त्याला लगेच दूरध्वनी येतो आणि सातव्या दिवशी तो मरतो. रेइको असाकावा ही पत्रकार स्त्री त्या कॅसेटचा तपास करता करता स्वतःच ती पाहून बसते, पुढे तिचा घटस्फोटित पती र्युजी तपासासाठी म्हणून ती पाहतो, आणि अखेर तिचा लहानगा मुलगा योइचीही ती पाहतो. इझू द्वीपकल्पातील एका पर्यटक-कुटीच्या खाली बुजवलेली विहीर, त्या विहिरीत जिवंत ढकलली गेलेली सादाको नावाची मुलगी, आणि तिच्या मनातला न विझलेला आकस, इतक्या सामग्रीवर ही कथा उभी आहे. मूळ कादंबरीतला पत्रकार पुरुष आहे. नाकाता आणि पटकथाकार हिरोशी ताकाहाशी यांनी त्याच्या जागी आई आणली, आणि पुढील सर्व इतिहास पाहता हा बदल फार दूरगामी ठरला.

सादाकोचे रूप नाकातांनी शून्यातून निर्माण केलेले नाही. जपानमध्ये अतृप्त मृतात्म्याला 'युरेई' म्हणतात; प्रेताला नेसवतात तसे शुभ्र वस्त्र, मोकळे सोडलेले लांब काळे केस आणि पायांचा अभाव ही त्याची लक्षणे अठराव्या शतकातील मारुयामा ओक्यो या चित्रकाराच्या काळापासून रूढ झालेली आहेत. आपल्याकडे हडळीचे पाऊल उलटे असते, तिकडे पाऊलच नसते; पण दोन्ही लोकसमजुतींनी भूत ओळखण्यासाठी नेमके पायाकडेच पाहावे, हे साम्य मला विलक्षण वाटते. विहीरही तशीच जुनी. ओकिकू नावाच्या दासीवर धन्याच्या दहा मौल्यवान तबकांपैकी एक हरवल्याचा आळ येतो, तिचा अंत विहिरीत होतो, आणि नंतर रात्री-अपरात्री त्या विहिरीतून तबके मोजण्याचा आवाज येऊ लागतो, तो नऊपर्यंत येऊन थांबतो. हिमेजीच्या किल्ल्यात ओकिकूची म्हणून एक विहीर आजही दाखवितात. अशा कथा सांगण्याचा जपानमधील ऋतू उन्हाळ्याचा, म्हणजे पितर घरी येतात त्या 'बोन' पर्वाच्या आसपासचा असतो. या 'बोन' शब्दाची पारंपरिक व्युत्पत्ती संस्कृत 'उल्लंबन' या शब्दापाशी नेऊन भिडवितात, आणि त्या पर्वाची मूळ कथा प्रेतयोनीत उपाशी तळमळणाऱ्या आईला सोडविणाऱ्या मौद्गल्यायनाची आहे. पितृपंधरवड्यात काकस्पर्शाची वाट पाहत उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला हे पर्व परके वाटण्याचे कारण नाही.

त्याशिवाय सादाकोच्या पाठीमागे एक खराखुरा वृत्तान्तही आहे. तोक्यो इंपीरियल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ तोमोकिची फुकुराई यांनी १९१० मध्ये चिझुको मिफुने या स्त्रीच्या दिव्यदृष्टीचे प्रयोग विद्वानांपुढे करून दाखविले, त्यांवर लबाडीचा आरोप झाला, वर्तमानपत्रांनी तिची निंदा आरंभिली, आणि १९११ मध्ये तिने विष घेऊन जीवनयात्रा संपविली. पुढे फुकुराईंनी ज्यांच्यावर प्रयोग केले त्यांत सादाको ताकाहाशी नावाची एक स्त्री होती. चित्रपटातील सादाकोची आई शिझुको हिचे चरित्र यातूनच बेतलेले आहे: भर सभेत तिची परीक्षा होते, पत्रकार तिला ढोंगी ठरवितात, आणि शेवटी ती ओशिमा बेटावरील मिहारा ज्वालामुखीच्या मुखात उडी घेते. म्हणजे 'रिंगू'तला आकस एका मुलीचा खासगी नव्हे. एका स्त्रीची जाहीर विटंबना करून नामानिराळ्या झालेल्या समाजाकडे तो थकलेल्या येण्यासारखा पडून आहे. त्याचा तगादा एका पत्रकार स्त्रीच्याच दारी यावा, यात मला मोठा कलात्मक न्याय दिसतो.

हॉलिवूडच्या आधी कोरियाने ही कथा उचलली. जपानी सांस्कृतिक आयातीवरील तेथील जुनी बंदी १९९८ पासून क्रमाक्रमाने सैल होत असतानाच, १९९९ मध्ये, 'द रिंग व्हायरस' तेथे झळकला. पण जगभर जिचा बोलबाला झाला ती पुनर्निर्मिती २००२ सालची, गोर व्हर्बिन्स्की यांची 'द रिंग'. तिच्यावर सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर खर्च झाले आणि जगभरातून जवळजवळ २५ कोटी डॉलर परत आले. त्या आकड्यांनीच पुढील लाटेला वाट करून दिली. हा चित्रपट वाईट नाही, किंबहुना अशा पुनर्निर्मितींत तो पहिल्या रांगेत बसावा. सिअ‍ॅटलच्या पावसाळी परिसराला दिलेली ती निळसर-हिरवी, शेवाळलेली छटा, नेओमी वॉट्सचा सच्चा अभिनय, आणि तरीवर उधळून थेट समुद्रात झेप घेणारा तो घोडा यांचा ठसा मनावरून लवकर पुसला जात नाही. घोड्याचा तो प्रसंग तर मुळात नाहीच. तो अमेरिकन चित्रपटाची स्वतःची कमाई आहे.

फरक पडतो तो भुताच्या कैफियतीत. अमेरिकन चित्रपटातील मुलीचे नाव समारा. शिझुकोची जाहीर परीक्षा, वर्तमानपत्रे, ज्वालामुखी, हे सारे येथे गळाले. त्यांच्या जागी दत्तक घेणारे एक जोडपे, घोड्यांचा तबेला, त्याच्या माळ्यावर एकटी ठेवलेली मुलगी आणि मनोरुग्णालयात डॉक्टरांनी तिची केलेली तपासणी आली. त्या तपासणीची चित्रफीत आपल्याला दाखविली जाते, तीत समारा बोलते, तिचा चेहरा दिसतो. एका अर्थी तिचा जबाबच नोंदविला जातो. सादाकोचा चेहरा मात्र नाकाता शेवटपर्यंत दाखवीत नाहीत; केसांच्या पडद्याआडून एक डोळा तेवढा दिसतो, आणि तोही क्षणभरच. ज्याचा जबाब घेता येत नाही, ज्याची ओळख पटविता येत नाही, असा फिर्यादी दारात उभा राहिला म्हणजे जी अवस्था होते तीच 'रिंगू' पाहणाऱ्याची होते.

दूरचित्रवाणीच्या पडद्यातून ती बाहेर येते तो प्रसंग दोन्ही चित्रपटांत आहे, आणि दोन्हींतील तफावत समजून घेण्यास तो एकटा पुरेसा आहे. र्युजी आपल्या खोलीत लिहीत बसलेला असतो, कोपऱ्यातला संच आपोआप सुरू होतो, त्यात ती विहीर दिसते. तिच्यातून एक आकृती वर येते, अडखळत पुढे येते, आणि अतिशय सावकाश पडद्याची चौकट ओलांडून चटईवर हात टेकते. त्या हातांच्या बोटांना नखे नाहीत, कारण विहिरीच्या भिंती चढता चढता ती उखडली गेली आहेत. ही भूमिका करणारी रिए इनो काबुकीच्या शिक्षणातून आलेली नटी होती. तिला उलट्या पावली चालवून तो भाग फिल्मवर उलटा फिरविला, त्यामुळे त्या चालण्यात मानवी देह तर आहे पण त्याचा काळ उलटा वाहतो आहे, असा भास निर्माण झाला. यंत्रतंत्राची करामत म्हणावी तर ती एवढीच. व्हर्बिन्स्कींनी हा प्रसंग मृताची पूर्वप्रेयसी मोटार पळवीत त्याच्याकडे धावते आहे त्या दृश्यांशी आळीपाळीने गुंफला, आणि पडद्याबाहेर आल्यावरही समाराच्या अंगावर बिघडलेल्या फितीसारखी चित्रे थरथरत ठेवली. कल्पना बुद्धिमान आहे हे मान्यच करावयास हवे. तथापि प्रेक्षकाचे मन मोटारीच्या शर्यतीत गुंतले की 'वेळेवर पोहोचेल काय' ही उत्कंठा निर्माण होते, आणि उत्कंठेला आशेचा आधार लागतो. नाकातांच्या खोलीत आशा नाही. तेथे एक माणूस आहे, एक येणे आहे, आणि मधले अंतर हाताहाताने कमी होत जाते.

या दोन्ही चित्रपटांनी भूतकथेचा एक सनातन संकेत मोडला, त्याचा उल्लेख केलाच पाहिजे. मृताची हाडे सापडावीत, त्यांची उत्तरक्रिया व्हावी आणि आत्म्याला गती मिळावी, हा तो संकेत. आपल्या कथांतही तो आहे, आणि पिंडदानाच्या सर्व विधीचा पायाच तो आहे. रेइको विहिरीत उतरते, चिखलातून सादाकोचा सांगाडा वर काढते आणि आईने पोटाशी धरावे तसा त्याला कवटाळते. पाहणाऱ्याला वाटते, फेड झाली. दुसऱ्या दिवशी र्युजी मरतो. रेइको वाचली ती करुणेने नव्हे, तर तपासाच्या ओघात तिने त्या कॅसेटची एक प्रत काढून र्युजीला दाखविली होती म्हणून. सादाकोला शांती नको आहे. तिला नक्कल हवी आहे.

आणि येथे शेवट येतो. योइचीला वाचवावयाचे तर त्याने प्रत काढून ती दुसऱ्या कोणाला तरी दाखविली पाहिजे. अमेरिकन चित्रपटात आई मुलाचा हात धरून त्याच्याकडून प्रत काढवून घेते. मुलगा विचारतो की ती पाहणाऱ्याचे काय होईल, आणि आई उत्तर देत नाही. तो पाहणारा कोणी तरी अनामिक, दूरचा, चित्रपटगृहातला प्रेक्षकसुद्धा असू शकेल. 'रिंगू'त रेइको मोटारीत बसून, व्हिडिओ यंत्र सोबत घेऊन, आपल्या वडिलांना दूरध्वनी करते. योइचीसाठी एक मागणे आहे, एवढेच ती त्यांना सांगते. काळवंडलेल्या आभाळाखालून तो रस्ता त्या म्हाताऱ्याच्या घराकडे जातो. नातवाचे देणे आजोबांच्या नावावर चढविले जाणार आहे, आणि आजोबा नाही म्हणणार नाहीत, हे तिला ठाऊक आहे, आपल्यालाही ठाऊक आहे. ज्या समाजात पितरांचे ऋण पुढच्या पिढीने फेडावयाचे असते, त्या समाजातच ऋणाचा हा उलटा प्रवास इतका भीषण वाटू शकतो. अनामिकाला दिलेल्या शापाने अंगावर काटा येतो. वडिलांना दिलेल्या शापाने माझे मन कित्येक दिवस जड राहिले.

ताकाशी शिमिझु यांच्या 'जु-ऑन'चा मामला निराळा, कारण येथे नक्कल मूळ कर्त्याच्याच हातची आहे. २००० मध्ये घरगुती व्हिडिओसाठी काढलेल्या दोन छोट्या चित्रपटांतून निघालेली ही मालिका २००२ मध्ये मोठ्या पडद्यासाठी तयार झाली आणि २००४ मध्ये शिमिझुंनीच 'द ग्रज' या नावाने ती इंग्रजीत केली. सुमारे १ कोटी डॉलरच्या खर्चावर १८ कोटींहून अधिक मिळकत झाली. पतीने मारलेली कायाको आणि तिचा मुलगा तोशिओ यांचा आकस तोक्योतील एका साध्या दुमजली घरात मुरलेला आहे, आणि उंबरा ओलांडणाऱ्या कोणालाही तो सोडीत नाही. त्या माणसाचा अपराध काय, हा प्रश्नच तेथे गैरलागू आहे. ओल चढलेल्या भिंतीला टेकले की पाठ भिजते, इतका तो व्यवहार निर्वैयक्तिक आहे. पुनर्निर्मितीत घर तेच आणि तोक्योतलेच, कायाकोच्या भूमिकेत ताकाको फुजी हीच, पण घरात वावरणारी माणसे मुख्यतः अमेरिकन. परमुलुखात भाषा न कळणाऱ्या माणसांचे एकाकीपण या बदलामुळे चित्रपटात शिरले, हा लाभ खरा. मात्र कायाकोचे मन एका अमेरिकन प्राध्यापकावर जडले होते असा धागा तिच्या मृत्यूमागे बांधला गेला, आणि त्यामुळे ज्या आकसाचे मूळ त्या घराबाहेर जाऊ नये तो परदेशी पाहुण्यांच्याच गोष्टीचा एक भाग झाला. पांघरुणाचा प्रसंग मात्र दोन्हींकडे तितकाच प्रभावी उतरला आहे: भ्यालेली बाई अंथरुणात शिरून डोक्यावर पांघरूण ओढते आणि कायाको तिथेच, पांघरुणाच्या आत, असते. बालपणापासून आपण सर्वांनी ज्याला अभेद्य तट मानले तोच आतून फितूर झालेला पाहून कोणत्या देशाचा प्रेक्षक घाबरणार नाही?

मूळ कर्त्यानेच आपली कृती दुसऱ्या भाषेत नेल्याचे एक उदाहरण मराठीतही आहे. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' २०१७ मध्ये महाराष्ट्रात प्रदर्शित झाला, आणि २०२१ मध्ये त्यांनीच त्यावरून हिंदीत 'छोरी' केला. उसाच्या फडाने वेढलेले एकाकी घर, तेथे आसऱ्याला आलेली गर्भवती स्त्री, आणि मुलींचा जन्म नाकारणाऱ्या कुळाचे पाप, हा गाभा दोहोंत समान आहे. तरी नावांकडे पाहावे. मराठी नावाने खेळ सांगितला, आणि त्या उंच उसात कोण लपले आहे व कोण शोधते आहे हे ओळखण्याचे काम प्रेक्षकावर सोपविले. हिंदी नावाने विषय सांगितला. पुनर्निर्मितीत आशय उघड करून ठेवण्याची ही ओढ मला सर्वत्र आढळते. बहुधा नवा प्रेक्षक अपरिचित असल्यामुळे त्याला हकीकत नीट समजावी ही काळजी त्यामागे असेल, पण भयाला त्या काळजीने धक्का पोहोचतो. हाँगकाँगमधल्या पांग बंधूंच्या 'द आय'वरून २००५ मध्ये हिंदीत 'नैना' निघाला आणि २००८ मध्ये इंग्रजी 'द आय' आला, त्यांविषयी विस्ताराने लिहिण्यासारखे फारसे नाही. नेत्ररोपणानंतर मेलेली माणसे दिसू लागतात ही कल्पनाच इतकी बळकट आहे की ती कोठेही तग धरते, आणि म्हणूनच ती कोठेही खोल मुळे धरीत नाही.

या सर्वांत माझ्या मनाला सर्वाधिक जवळचा चित्रपट नाकातांचाच, २००२ सालचा, इंग्रजीत 'डार्क वॉटर' म्हणून ओळखला जाणारा. घटस्फोटाच्या दाव्यात मुलीचा ताबा मिळविण्यासाठी झगडणारी योशिमी सहा वर्षांच्या इकुकोला घेऊन एका जुनाट, गळक्या इमारतीत राहावयास येते. छतावर ओलीचा डाग उमटतो आणि रोज वाढत जातो. गच्चीवर सापडलेली लहान मुलीची लाल पिशवी फेकून दिली तरी परत येते. त्या पिशवीची मालकीण मित्सुको दोन वर्षांपूर्वी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत पडून बुडाली आहे, आणि तेच पाणी इमारतीतली माणसे पीत आली आहेत. वॉल्टर सॅलेस यांनी २००५ मध्ये ही कथा न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट बेटावर नेली. जेनिफर कॉनेलीने त्या आईचे थकलेपण अत्यंत मनापासून उभे केले आहे, आणि वकील, इमारतीचा व्यवस्थापक, राखणदार ही पात्रे मुळापेक्षाही भरीव आहेत. परंतु त्या भरीवपणाचा परिणाम असा की मुलीच्या मृत्यूची जबाबदारी अखेर राखणदाराच्या हलगर्जीपणावर येते आणि त्याला अटक होते. दोषी सापडला, पंचनामा झाला, फैसला झाला. जपानी चित्रपटात कोणालाच अटक होत नाही. पावसात छत्र्यांच्या गर्दीत शाळेच्या दाराशी आईची वाट पाहत उभे राहिलेले मूल एवढेच त्यात पुन:पुन्हा दिसते; ते मूल कधी मित्सुको असते, कधी इकुको, कधी लहानपणीची योशिमी.

शेवटी योशिमीला कळते की, घाईघाईने उचलून लिफ्टमध्ये आणलेली मुलगी आपली नाही. आपली इकुको बाहेर उभी आहे आणि आपल्या गळ्याला मिठी मारून बसली आहे ती मित्सुको. योशिमी ती मिठी सोडवीत नाही. मीच तुझी आई, असे त्या मेलेल्या मुलीला सांगून ती जाळीआडून आपल्या मुलीकडे पाहत राहते, आणि लिफ्ट वर जाते. इंग्रजी चित्रपटातही आई हाच सौदा पत्करते, पण थोड्याच दिवसांनी लिफ्टमध्ये ती मुलीच्या केसांची वेणी घालावयास येते आणि मी सदैव तुझ्यापाशी आहे असे सांगून तिला धीर देते. नाकातांची इकुको दहा वर्षांनी, सोळा वर्षांची होऊन, त्या ओसाड इमारतीत परत येते. सगळे मजले धुळीने भरलेले, पण त्यांचे जुने घर मात्र झाडूनपुसून लख्ख. आई आत बसलेली असते, दहा वर्षांपूर्वी होती तितक्याच वयाची. आपण पुन्हा एकत्र राहू या का, असे मुलगी विचारते. आई क्षमा मागते. ते तिला शक्य नाही. तेवढ्यात इकुकोला आपल्या पाठीमागे कोणीतरी उभे असल्याची चाहूल लागते, ती वळून पाहते तो कोणी नाही, आणि पुन्हा पुढे वळते तोवर आईही तेथे नसते.